बेडकीचं नाक

बेडकी दमायची ती नेमकी टेकडीवरच्या शेवटच्या मोठ्या वळणावर, जिथे बघे चादरी पसरून बसलेले असायचे. खाली कुठे दमली असती तर कुणाच्या लक्षातही आलं नसतं. पण नाही. सगळी टेकडी ती अशा तडफेने चढायची की बघणाऱ्याने तोंडात बोट घालावं, आणि ऐन त्या वळणावर तिचा आवाज घोगरा व्हायचा, अंगातलं अवसान गळायचं आणि उरलेला चढ ती कण्हत कुंथत कसाबसा पार करायची. दरवर्षी हेच. बघे टाळ्या वाजवायचे, पण त्या टाळ्यांत कौतुकापेक्षा कीव जास्त असायची, आणि गाडी चालवणाऱ्याला हा फरक बरोबर कळतो.

बेडकी म्हणजे दोन माणसांची उघडी गाडी. छप्पर नाही, दारं नाहीत, समोरची काच म्हणाल तर जेमतेम हनुवटीपर्यंत. डोक्यामागे एक लोखंडी कमान, गाडी उलटलीच तर मान वाचावी म्हणून. रंग हिरवा आणि पुढे दोन दिवे असे वटारलेले की नाव शोधायला कुणाला डोकं खाजवावं लागलं नाही. इंजिन मागे, सीटांच्या पाठीच्या पत्र्यापलीकडे. गाडी दोघा बहीण-भावांतल्या धाकट्याची होती. निदान कागदावर तरी. तिचा प्रत्येक नटबोल्ट मात्र ताईच्या हाताखालून गेलेला होता आणि ती उभी असायची तीही ताईच्या घरामागच्या शेडमध्ये.

धाकटा ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवायचा. म्हणजे आठवडाभर डाव्या सीटवर बसून, पायाखाली जादाचा ब्रेक घेऊन, दुसऱ्यांच्या हातातलं स्टिअरिंग बघत बसायचा. "डावीकडे घ्या. आरसा बघा. घाबरू नका, ती म्हैस नाही, मोटरसायकल आहे." असं दिवसभर बोलून त्याच्या जिभेला फोड यायचे. स्वतःच्या हाताने मनसोक्त गाडी चालवायला मिळायची ती एकट्या बेडकीवर, आणि खरी परीक्षा वर्षातून एकदा, टेकडीच्या शर्यतीत. तेव्हा शेजारी ताई असायची. तो चालवायचा, ती वळणं सांगायची. दोघांची लग्नं झाली, संसार गावाच्या दोन टोकांना गेले, बोलणं फोनवर आणि तेही कामापुरतं राहिलं. बहीण-भाऊ म्हणून एकत्र करायची अशी ही एकच गोष्ट शिल्लक होती. त्याला बक्षिसाची हाव नव्हती. ताईला शेजारी घेऊन ते शेवटचं वळण एकदा तरी छाती भरून पार करायचं, एवढंच त्याला हवं होतं, पण ते फार हवं होतं.

"इंजिनात काही दोष नाही," या वर्षी ताई म्हणाली. "ते घुसमटतंय."

ताई पत्र्याच्या कारखान्यात होती. मोठाल्या इमारतींत छताखालून हवा फिरवणारे चौकोनी डक्ट असतात ना, ते ती बनवायची. पत्रा कापणं, कडा दुमडणं, सांधे बसवणं, सगळं. हवेबद्दल ती नात्यातल्या माणसाबद्दल बोलावं तसं बोलायची. हवा आळशी आहे, म्हणायची. सोपी वाट दिसली की तिकडे पळते, आणि कोपरा दिसला की तिथेच बसकण मारते.

तिने धाकट्याला इंजिनाच्या कप्प्यात हात घालायला लावला. एअर फिल्टर इंजिनाच्या डोक्यावर बसवलेला होता, आणि इंजिन ज्या हवेत तापत होतं तीच हवा पुन्हा आत ओढत होतं. चढाच्या सुरुवातीला ठीक चालायचं. वर जाईपर्यंत तो कप्पा म्हणजे भट्टी व्हायचा. गरम हवा विरळ असते, तिच्यात जीव नसतो. मोठ्या वळणावर बेडकी श्वास घ्यायची, पण त्या श्वासाने तिचं पोट भरायचं नाही.

"मग समोरून एक नळी घालू," धाकटा म्हणाला. "समोर तर वाराच वारा असतो."

"समोर रेडिएटर आहे. उंबऱ्यात शेगडी ठेवून गार वारा मागायचा का?"

"मग खालून."

"खालून धूळ."

"मग कमानीच्या वरून घे."

"कमानीच्या वर काही लावायचं नाही, शर्यतीचा नियम आहे. आणि तुझ्या बाजूने सायलेन्सरची नळी जाते, तिकडे हात लावला तर कातडी निघेल." ताई बेडकीभोवती एक फेरी मारून आली. "आपण कशाला डोकं चालवतोय? वाऱ्यालाच विचारू."

वाऱ्याला विचारायचं म्हणजे काय, ते पुढच्या रविवारी कळलं. ताईने दाजींचा, म्हणजे तिच्या नवऱ्याचा, एक जुना पिवळा स्वेटर उसवला होता. त्या लोकरीचे बोटाएवढे तुकडे करून तिने ते चिकटपट्टीने बेडकीच्या अंगभर लावले. शेपटांच्या गर्दीत हिरवा रंग दिसेनासा झाला. धाकट्याला मनातून लाज वाटली, कारण त्या अवतारात त्याला हमरस्त्यावरून जायचं होतं, आणि त्याचे निम्मे विद्यार्थी त्याच रस्त्यावर राहत होते.

"तो स्वेटर मी अजून घालत होतो," दाजी म्हणाले.

"तुम्ही नाही, तुमचं पोट घालत होतं," ताई म्हणाली. "व्हॅन काढा."

गावाबाहेरच्या सरळ रस्त्यावर धाकटा एकटा बेडकी पळवत होता आणि शेजारून दाजी कारखान्याची व्हॅन चालवत होते. व्हॅनच्या खिडकीतून ताई कमरेपर्यंत बाहेर. पदर खोचलेला, डोळे बारीक केलेले. ती बेडकीकडे बघत नव्हती, त्या पिवळ्या शेपटांकडे बघत होती. काही शेपटं वेड्यासारखी नाचत होती, तिथे हवा गोंधळलेली. काही उलटी पुढे वळत होती, तिथे हवा भोवऱ्यात सापडलेली. आणि डाव्या सीटच्या मागे, खांद्याच्या उंचीला, कमानीच्या आतल्या अंगाला लावलेली शेपटं पत्र्याला चिकटून आडवी पडली होती, शाळेत पहिल्या बाकावर बसणाऱ्या मुलांसारखी. तिथली हवा गार, सरळ आणि निवांत होती. धाकट्याने बेडकी इतकी वर्षं चालवली होती, पण तिच्या अंगावरून वारा असा वाहतो हे त्याला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. ताईने ते एका स्वेटरच्या भांडवलावर बघून घेतलं होतं.

मग तिने त्या जागी बसवायला, ती गार हवा आत घेणारं नाक घडवलं. हो, नाकच म्हणायचे सगळे त्याला. आधी पुठ्ठ्याचं, मग पत्र्याचं. धाकटा नुसता बघत बसायचा. मदत म्हणून एकदा त्याने कात्री हातात घेतली तर ताईने ती न बोलता काढून घेतली. नाकाचं तोंड रुंद, आणि पुढे ते हळूहळू निमुळतं होत गेलेलं, कुठे कोपरा नाही, कुठे खाच नाही. तोंडाची कड तिने बाहेरच्या बाजूला गोल वळवली, ओठासारखी. धारदार कड असली की हवा तिथे ठेचकाळते म्हणाली. ती गोलाई लाकडी हातोडीने इतक्या हलक्या हाताने ठोकत आणली होती की पत्र्यावर एक खळगा दिसला तर शपथ. तळाशी पाणी निथळायला एक भोक ठेवलं. इंजिन थरथरतं आणि नाक स्थिर, म्हणून मध्ये रबराची घडीची नळी. फिल्टरला चहूबाजूंनी पेटी, आणि पेटीला भट्टीच्या बाजूने उष्णता अडवणारं जाड अस्तर. शेवटी पेटीत तापमापकाची तार सोडून त्याचा काटा समोर बसवला.

 धाकट्याने नाकाच्या ओठावरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, "ताई, हे गाडीला लावायचं जिवावर येतंय."

"लावायचं नाही तर काय, शोकेसमध्ये ठेवायचंय?"

पहिल्या फेरीत काटा जो पडला तो वर यायलाच तयार नव्हता. बाहेर रस्त्यावर जेवढी गरम हवा, त्याहून किंचितच जास्त आत. ताईने रस्त्याकडेला उभं राहून वेळ मोजली, दाजींनी व्हॅनमधून पाठलाग केला, तीन रविवार हेच चाललं. लांबच्या घाटावर धाकटा बेडकी घेऊन गेला आणि परत आला तेव्हा नव्या नवरीसारखा लाजत होता.

"काय झालं?" ताईने विचारलं.

"काही नाही. ही आपली बेडकी नाही. कुणीतरी बदलली."

शर्यतीच्या आदल्या दुपारी सरावासाठी टेकडी मोकळी केली. ताई हेल्मेट घालून आपल्या सीटवर बसली, पट्टा आवळला, आणि दोघं निघाले. "उजवं, सोपं. डावं, आत खडी आहे. सरळ, सोड." तिचा आवाज कानात आणि बेडकी पायाखाली, धाकट्याला स्वर्ग दोन बोटं उरला होता. आणि मोठं वळण आलं. काटा चढायला लागला. आवाज घोगरा झाला. बेडकी कण्हली, कुंथली, वर पोचली.

धाकट्याच्या तोंडचं पाणी पळालं. एखादा सांधा सुटला असणार म्हणून ताईने खाली येऊन सगळे सांधे बोटांनी चाचपले. एकही सुटला नव्हता. धाकट्याला तिने एकट्याला पाठवलं. बेडकी हरणासारखी वर गेली. पुन्हा दोघं बसले. पुन्हा रडगाणं.

 ताईने खिशातून पिवळी लोकर काढली, नाकाच्या तोंडाभोवती चार तुकडे चिकटवले आणि सीटवर बसून मान मागे वळवली. "खालच्या सपाटीवर पळव."

त्याने पळवली. शेपटं आत जायच्याऐवजी बाहेर तोंड करून थयथयाट करत होती. ताई पुढे वाकली, गुडघ्यात डोकं घातलं. शेपटं गुपचूप आत वळली. ती ताठ बसली, थयथयाट सुरू. तिने गाडी थांबवायला सांगितली आणि ती हसायला लागली. हसू आवरेना.

"अरे, वाऱ्याच्या वाटेत मीच बसलेय."

आता कुणाला वाटेल, एवढी हुशार बाई आणि एवढी साधी गोष्ट सुटली कशी. वाटू दे. ताईला ओळखणाऱ्याला नवल वाटलं नसतं. घरी पाहुणे येणार म्हणून खुर्च्या मांडल्या तर तिच्या हिशेबात एक खुर्ची कायम कमी, आणि ती कुणाची हे सांगायला नको. बेडकीचा विचार करताना तिने रेडिएटर धरला, सायलेन्सर धरला, धूळ धरली, धाकट्याचं डोकंसुद्धा धरलं. स्वतःला धरायचं राहिलं. वाऱ्याला विचारायला गेली तेव्हा ती व्हॅनच्या खिडकीत होती. तिची सीट रिकामी होती, आणि वाऱ्याने रिकाम्या सीटचं उत्तर दिलं.

"काढून टाक ते," धाकटा म्हणाला. "जुनं बसव. दमत दमत जाऊ."

"वेडा आहेस का? तीन आठवडे घालवलेत त्यात."

"मग दुसरीकडे लाव."

"दुसरीकडे कुठे? सगळीकडे विचारून झालंय." ती उतरून पान्याने स्वतःच्या सीटचे बोल्ट सैल करायला लागलीसुद्धा. "एकट्याने जायला नियम आड येत नाही. रिकामी सीट ठेवून काय करायचंय, उगाच वजन."

"ताई, पाना खाली ठेव."

तिने ठेवला नाही. धाकट्याने दाजींकडे पाहिलं. दाजींनी हात वर केले. लग्नाला इतकी वर्षं झालेला माणूस असल्या वादात पडत नाही. सीट निघाली. ताईने ती उचलून व्हॅनमध्ये ठेवली, हात झटकले आणि म्हणाली, "उद्या छान जाईल बघ." आणि तिला खरंच आनंद झाला होता, हेच धाकट्याला सहन झालं नाही.

घरी जाऊन त्याने डोळे मिटून टेकडी मनात चढायचा प्रयत्न केला. उजवं, सोपं. मग डावं. मग? खडी नेमकी कुठल्या वळणावर आहे? त्याच्या डोळ्यांपुढे रस्ता येत नव्हता, कानात ताईचा आवाज येत होता. इतकी वर्षं तो रस्ता नव्हे, ताईचा आवाजच चालवत आला होता. डाव्या सीटवरचा माणूस गाडी किती चालवतो हे त्याला कुणी समजावायची गरज नव्हती. त्याला पगारच त्या कामाचा मिळायचा. फक्त स्वतः उजव्या सीटवर बसल्यावर तो हे सोयीस्करपणे विसरत आला होता. एकट्याने जायचं त्याला वाईट वाटत होतं, भीतीही वाटत होती, आणि त्याखाली आणखी एक गोष्ट टोचत होती. हे नाक जिने केलं, तिने ते वर पोचताना एकदाही बघायचं नाही. ती खाली उभी राहून वेळ मोजणार. हे त्याला पटत नव्हतं.

सकाळी आरंभाच्या रेषेपाशी गाड्यांची रांग लागली होती. प्रत्येकाला दोन फेऱ्या, त्यातली चांगली धरायची. बेडकीचा नंबर आला तसा धाकट्याने हेल्मेट ताईपुढे धरलं.

"पहिली फेरी तू. दुसरी मी."

"काहीतरीच काय. मला कुठे येतं असलं?"

"पत्र्याने भरलेली व्हॅन गल्लीबोळातून उलटी काढतेस रोज."

"ती व्हॅन आहे. आणि ही गाडी तुझी आहे."

"वळणं कुणाला पाठ आहेत? मला नाहीत. काल झोपेत सगळी चुकली. तू आधी जाऊन ये, मग मला सांग."

ताई दाजींकडे बघायला लागली. दाजींनी पुन्हा हात वर केले. मागच्या गाडीवाल्याने हॉर्न दिला. तेव्हा धाकट्याने आपला नेहमीचा, आठवडाभर वापरून गुळगुळीत झालेला आवाज काढला. "बसून घ्या मॅडम. सीट पुढे. आरसा बघा. घाबरू नका."

ती हसली आणि हसता हसता बसली, म्हणूनच बसली.

झेंडा पडला. धाकटा ब्रेक दाबायला पाय हलवत होता, सवयीने, जमिनीवर. पहिलं वळण तिने घेतलं ते त्याच्यापेक्षा हळू. दुसरंही. मग बेडकी झाडांआड गेली आणि उरला नुसता आवाज. आणि तो आवाज ऐकून धाकट्याने कान टवकारले. ताई गिअर उशिरा बदलत होती, पुष्कळच उशिरा, तो कधी धजला नसता इतक्या उशिरा. कारण इंजिनात किती श्वास शिल्लक आहे हे तिला माहीत होतं. तो श्वास तिनेच तर भरला होता. खडीच्या जागी आवाज क्षणभर सैल पडला आणि लगेच सावरला. आता मोठं वळण.  आवाज घोगरा होण्याची ती वेळ आली, आणि गेली. आवाज उलट चढला. स्वच्छ, भरदार, एका पट्टीत चढतच गेला, आणि वरून टाळ्या ऐकू आल्या. त्या टाळ्यांत कीव नव्हती. फरक त्याला बरोबर कळायचा.

झेंडेवाल्याच्या वॉकीटॉकीवर वरून वेळ आली. झेंडेवाल्याने ती पुन्हा विचारून घेतली. मग धाकट्याकडे वळून म्हणाला, "तुमच्याच गाडीची ना ही?"

"बहिणीची," धाकटा म्हणाला.

बेडकीची ती आजवरची सगळ्यात चांगली वेळ होती. दाजी डोळे पुसत होते आणि धुळीला शिव्या घालत होते. धाकट्याचा ऊर भरून आला होता, आणि खोटं कशाला सांगा, हातही शिवशिवत होते. आता त्याची फेरी. त्या आवाजाच्या पुढ्यात स्वतः बसायचं, ते वळण छाती भरून पार करायचं. वर्षभर ज्यासाठी तळमळला ते आता दहा पावलांवर होतं. त्याने हातमोजे चढवले.

बेडकी उतारावरून खाली आली आणि थेट आरंभाच्या रेषेवर येऊन उभी राहिली. इंजिन चालूच. ताईचं तोंड धुळीने माखलेलं, फक्त डोळे तेवढे स्वच्छ. धाकट्याने हेल्मेटसाठी हात पुढे केला. ताईने दोन्ही हात स्टिअरिंगवरच ठेवले होते. ती त्याच्याकडे न बघता समोरच्या काट्याकडे बघत होती.

"दुसरीसुद्धा मीच जाऊ का रे?" तिने हळूच विचारलं.

धाकट्याने आठवून पाहिलं. लहानपणी खिडकीजवळचा पलंग त्याला मिळाला होता, पहिली सायकल त्याला, गाडीचे कागद त्याच्या नावावर. ताईने आपल्यासाठी काही मागितल्याचं त्याला आठवेना. एकदाही नाही. तो पुढे केलेला हात तसाच हवेत होता, हातमोजा घातलेला.

"मोठ्या वळणावर गिअर याहून उशिरा बदलून बघ," तो म्हणाला. "अजून श्वास आहे तिच्यात."

मग त्याने तिच्या हनुवटीखालचा हेल्मेटचा पट्टा ओढून घट्ट केला आणि वाटेतून बाजूला झाला.